चिंचेच्या झाडातला माझा खिळा

माझ्या डोक्यात भूत नव्हतं, गाठ होती. लिंबाएवढी. ती कापून काढली म्हणून मी आज जिवंत आहे. ज्यांच्या घरात कुणाला झटके येतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले, नंतर हातात उसाचा कोयता आला, त्यामुळे सजवून लिहिणं मला जमणार नाही.

माझं नाव गयाबाई. वय सत्तरीला टेकलं. घाटनांदूरजवळच्या एका गावात मी, मुलगा दत्ता, सून सुनीता आणि लहान नात असे राहतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली.

पहिला झटका भाकरी थापताना आला. आधी जळक्या रबराचा वास आला. मी सुनीताला म्हणाले, "काय जळायलंय गं?" ती म्हणाली, "काईच न्हाई, आत्याबाई." तेवढ्यात माझी डावी करंगळी उडायला लागली. मग मनगट, मग खांदा. मी उजव्या हाताने डावा हात दाबून धरला. तो बैलासारखा ओढ घेत होता. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, जीभ चावली गेली होती, लुगडं ओलं झालं होतं आणि कुणीतरी नाकाला चप्पल लावून बसलं होतं.

दारात गल्ली जमली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "हे बाहेरचं हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

महाराज

बाहेरचं म्हटलं की आमच्याकडे एकच माणूस. त्याला सगळे महाराज म्हणतात. बस स्टँडपासून बाजारापर्यंत त्याचे बॅनर लागलेले असतात. निवडणूक आली की पुढारी कॅमेऱ्यासमोर त्याच्या पाया पडतात, आणि निवडणूक झाली की तोही त्यांच्या सत्काराला जातो. रोज सकाळी त्याचं बोलणं मोबाईलवर येतं. दत्ता त्याचा सेवेकरी होता. गळ्यात भगवं उपरणं घालून दरबाराच्या दिवशी गर्दी आवरायचा. घरी आला की मान ताठ असायची.

मीही महाराजाला मानत होते. सप्ताहात त्याच्या पंगतीसाठी पोळ्या लाटल्या आहेत. त्याला बायकांना मारताना मी समोर बसून पाहिलं आहे. लोक म्हणायचे, मार भुताला लागतो, बाईला लागत नाही. मार खाल्लेल्या बायाही उठून हसत सांगायच्या की काहीच कळलं नाही. त्या का हसायच्या ते मला माझ्यावर पाळी आल्यावर समजलं. लागलं असं म्हटलं की भूत अजून आतच आहे असा अर्थ होतो. मग पुन्हा मार.

नाव सांग

अमावस्येच्या दुपारी दत्ता मला महाराजाच्या मठावर घेऊन गेला. मठासमोर मोठं पटांगण आहे आणि पटांगणात जुनं चिंचेचं झाड. त्या झाडाचं खोड खिळ्यांनी भरलेलं आहे. प्रत्येक खिळ्याला केसांची बट. काळ्या, पांढऱ्या, मेंदी लावलेल्या. एकीला शाळेतल्या पोरींची लाल रिबन होती.

दोन सेवेकऱ्यांनी माझे हात धरले. त्यातला एक दत्ता. माझे केस सोडले. निखाऱ्यावर मिरच्या टाकून ते माझ्या नाकाखाली धरले. महाराजाच्या हातात हातभर लांब लोखंडी चिमटा होता.

"कोण हायस तू? नाव सांग!"

"गयाबाई."

चिमटा पाठीवर बसला.

"खोटं! नाव सांग!"

"गयाबाईच हाय मी, महाराज. दत्ताची माय."

त्याने लाथ मारली. उसाचं कांडं मोडतं तसा माझ्या कुशीतून आवाज आला. दत्ताने तो आवाज ऐकला. त्याचा हात सैल पडला आणि पुन्हा घट्ट झाला.

"नाव सांग!"

मला श्वास घेता येत नव्हता. समोर माणसांची जत्रा, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कुणाचं तरी नाव पाहिजे होतं आणि माझं चालत नव्हतं. मी ओरडले, "सोनाबाई!"

सोनाबाई माझी सासू. जिवंत होती तोवर तिने मला सुखाचा घास खाऊ दिला नाही. म्हटलं, मेल्यावर तरी एकदा उपयोगी पड.

जयजयकार झाला. महाराजाने माझ्या डोक्यावरची मधली बट खिळ्याला गुंडाळली, डोकं खोडाला टेकवलं आणि हातोडीने खिळा ठोकला. ठोके कवटीत वाजत होते. मग माझी मान धरून त्याने हिसका दिला. बट झाडावर राहिली आणि तिच्याबरोबर रुपयाएवढी कातडीही.

"सोनाबाई बांधली," तो माइकवरून म्हणाला. "आता हिच्या डोक्याला वस्तरा, कात्री लावायची न्हाई. लावली की ती सुटंल आन् घरातल्या सगळ्यात लहान जिवावर बसंल."

घरातला सगळ्यात लहान जीव म्हणजे माझी नात. दत्ताचा चेहरा मी पाहिला. पुढे जे झालं ते त्या एका वाक्याने झालं.

परत येताना गाडी खड्ड्यात आदळली की मी ओरडायचे. दत्ता म्हणाला, "आता ओरडू नको. सोनाबाई गेली."

मी म्हणाले, "सोनाबाई गेली रे. बरगडी मागं ठिवून गेली."

दवाखाना

झटके वाढले. एका सकाळी आलेला झटका थांबेचना. दत्ता मठावर गेला होता. सुनीताने कुणाला विचारलं नाही. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मला घातलं आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. वाटेत माझ्या दातांत चमचा घालायला शेजारी निघाला होता, तो तिने हिसकून रस्त्यावर फेकला. ही मुलगी माझ्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरून मला दाखवला. काळ्यात एक पांढरा गोळा. "आजी, ही गाठ आहे. हळूहळू वाढलेली. मेंदूवर दाबते म्हणून हात उडतो. काढता येते. नाही काढली तर एखादा झटका तुम्हाला घेऊन जाईल."

मी विचारलं, "ही नावं सांगती का?"

त्यांना कळलं नाही. मग त्यांनी माझी पाठ पाहिली, चिमट्याचे वळ पाहिले, बरगडी दाबून पाहिली, तेव्हा कळलं. मला भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. पण आधी राग आला. गाठीसाठी मी मार खाल्ला होता. गाठीला कुणी नाव विचारतं का?

संध्याकाळी दत्ता आला. वॉर्डात सगळ्यांसमोर त्याने सुनीताच्या थोबाडीत मारली. "कोणाला इचारून आणलीस?" तिच्या हातातली चहाची कपबशी फुटली. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा शेजारच्या खाटेवरून काठी आली आणि त्याच्या मनगटावर बसली.

ती काठी भागीरथीची. सिरसाळ्याकडची बौद्ध बाई, माझ्याच वयाची. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता पण हात मोकळे होते.

"बाईवर हात टाकतो का बे?" ती म्हणाली. बाप्ये बाप्यांना देतात तसली शिवीही तिने त्याला हासडली. वॉर्ड हसला. दत्ता मनगट चोळत बाहेर गेला.

वॉर्डात दिवस भागीरथीमुळे गेले. सकाळी रक्त काढायचे, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग गोळ्या, मग नुसतं छत. भागीरथीची लेक बाजरीची भाकरी आणि ठेचा आणायची, त्यातली अर्धी भाकरी माझी. मी तिला सगळं सांगितलं. सासूचं नाव दिलं ते ऐकून ती इतकी हसली की प्लास्टर दुखायला लागलं.

"तुमच्यात न्हाई का हे?" मी विचारलं.

"आमच्या मायनं छप्पन साली देव, भुतं समदी एकदाच घराबाहेर काढली. लई जागा झाली बघ घरात." मग म्हणाली, "आता नवे बुवा आमच्याबी दारात येऊन बसाया लागलेत. ध्यान ठिवावं लागतं."

वस्तरा

ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं. सुनीता माझ्याबरोबर आली, आणि दत्ताही. आदल्या दिवशी दवाखान्याचा न्हावी मशीन घेऊन आला. दत्ताने त्याचा हात पकडला.

"केस काढायचे न्हाईत."

"भाऊ, डोकं उघडायचंय. केसातून कसं उघडतील?"

"न्हाई म्हनलं ना!" त्याने न्हाव्याला ढकलून दिलं. न्हावी लोखंडी कपाटावर आदळला. सुनीता मधे आली तर तिलाही ढकललं. मग माझ्या खाटेशी बसला आणि रडायला लागला.

"माय, तुजं वय झालं. पोरीचं काय? ती सुटली तर पोरीवर बसंल."

माझा मुलगा मला मरायला सांगत होता, आणि खरं सांगते, मला तो तेव्हा वाईट वाटला नाही. तो त्याच्या लेकीसाठी घाबरला होता. बाप घाबरतो. पण त्या भीतीचं दावं ज्याने त्याच्या गळ्यात बांधलं तो माणूस गाडीत बसून हार घालून घेत हिंडत होता. त्याचा मला एवढा संताप आला की मी दत्ताच्याच कानाखाली एक ठेवून दिली. मग न्हाव्याला म्हणाले, "मशीन आण इकडं."

मशीन मी स्वतः कपाळावर ठेवली आणि मागेपर्यंत ओढली. पांढरे केस मांडीवर पडले. मध्ये वाट पडली.

"सुटली तुजी आज्जी," मी दत्ताला म्हणाले. "जा, घरी जाऊन दार लावून बस."

तो खरंच गेला. पळतच गेला. उरलेलं डोकं न्हाव्याने केलं. कागदावर सही मी केली. चौथीपर्यंतची शाळा त्या दिवशी कामाला आली.

ऑपरेशनचं मला काही ठाऊक नाही. जाग आली तेव्हा डोकं दगडाएवढं जड होतं आणि एक डॉक्टर वाकून विचारत होते, "आजी, तुमचं नाव सांगा."

माझं अंग आकसलं. मी डोळे घट्ट मिटले आणि चिमट्याची वाट बघत म्हणाले, "गयाबाई."

"बरोबर," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी आयुष्यात फार रडले नाही. तेव्हा रडले.

गोळ्या

नातीला काही झालं नव्हतं. मी घरी आले तेव्हा ती अंगणात मातीत खेळत होती. मला वाटलं, आता तरी दत्ताचे डोळे उघडतील. पण महाराज माझ्याआधी तिथे पोचला होता. त्याने दरबारात सांगितलं होतं की वस्तरा लागूनही पोर वाचली, कारण खिळा घट्ट आहे. ऑपरेशन नीट झालं तेही खिळ्यामुळे. माझ्या नावानिशी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा व्हिडिओ दत्ताच्या मोबाईलवर होता.

डॉक्टरांनी झटक्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. एक वेळही चुकवायची नाही, असं बजावून. महाराज म्हणाला, इंग्रजी गोळ्यांनी खिळा ढिला होतो. दत्ताने सगळ्या गोळ्या चुलीत घातल्या. दुसऱ्या दिवशी मी अंगणात पडले. डोक्याची जखम दगडावर आपटून उसवली. सुनीताने पदराने रक्त दाबत दत्ताला शिव्या दिल्या. लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या शिव्या तिने त्या दिवशी वापरल्या.

टाके पुन्हा घालून आले आणि विचार केला. गोळ्या पुन्हा आणता येतील, तो पुन्हा जाळेल. भांडून हा ऐकणार नाही. याच्या मनात खिळा आहे तोवर मला गोळी मिळणार नाही. गोळी मिळाली नाही तर मी मरणार. म्हणजे खिळा निघाला पाहिजे, आणि याच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे.

मी दत्ताला म्हणाले, "महाराजाला आहेर करायचा हाय. मला घिऊन चल."

तो हरखला. सुनीताला मी पक्कड मागितली. टॉवेल, नारळ, मूठभर तांदूळ आणि खाली पक्कड, असं आहेराचं गाठोडं तिने बांधून दिलं.

सुटली

दरबार भरला होता. मला बघून माइकवाला ओरडला, "बघा, हीच ती माउली!" लोकांनी वाट दिली. महाराज झाडाखाली गादीवर होता. मी त्याच्यासमोर गाठोडं सोडलं, नारळ खाली ठेवला, पक्कड उचलली आणि झाडाकडे गेले. माझा खिळा मी ओळखला. पांढरी बट, तिला वाळलेली कातडी.

पक्कड लावली. डाव्या हातात जोर नव्हता, उजव्यात होता. ऊस तोडलेल्या बाईचा हात आहे. एक पाय खोडाला लावला आणि मागे झुकले. खिळा कर्र करत आला. मी बटेसकट तो वर धरला.

मग एक बाई किंचाळली, "सुटली! सुटली गं माय!"

लोक उठले आणि पळाले. पोरांवरून पळाले, चपला टाकून पळाले. सेवेकरी पहिले पळाले. माइकवाला वायरीत अडकून तोंडावर पडला. एक हवालदार बंदोबस्ताला होता, तो जीपमध्ये चढून काचा वर करून बसला. दत्ता फाटकापर्यंत गेला आणि वळला. का वळला, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

मी महाराजाकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर भीतीची रेषही नव्हती, नुसता वैताग होता. दुकानासमोर कुणी घाण केल्यावर दुकानदाराचा चेहरा होतो तसा.

तो हळू आवाजात म्हणाला, "म्हातारे, तमाशा पुरे कर. ठिव तो खिळा खाली."

माझं डोकं लख्ख झालं. एवढी माणसं पळाली. भूत आहे असं मानणारा प्रत्येक जण पळाला. त्या खिळ्यात काही नाही हे मला आता कळलं होतं. याला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझी बरगडी मोडली तेव्हा ठाऊक होतं. माझ्या नातीच्या जिवाचं नाव घेतलं तेव्हाही ठाऊक होतं.

मी पटांगणभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "समदे पळाले. तू कावून पळंना?"

तो गादीवरच बसून राहिला.

"पळ की! सुटलीय ना सोनाबाई? तुज्यावरच बसंल पहिली. पळ!" मी खिळा त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने चिमटा उचलला. माझ्या डोक्यावर, ताज्या टाक्यांवर, तो मारणार होता. चिमटा खाली आलाच नाही. दत्ताने मागून तो धरला होता.

"महाराज," दत्ता म्हणाला, "तुमाला भ्या कावून न्हाई वाटत?"

"सोड बे!"

दत्ताने मनगट पिरगळलं. चिमटा पडला. मग दत्ताने त्याच चिमट्याने त्याला मारलं. पाठीवर, मांडीवर, पुन्हा पाठीवर, आणि प्रत्येक तडाख्याला ओरडत होता, "नाव सांग! नाव सांग!" गादीवरचा माणूस हात जोडून स्वतःचं नाव सांगत होता. घरचं, साधं, बिनमहाराजाचं नाव. मी दत्ताला अडवलं नाही.

तोवर सेवेकऱ्यांना भूत दिसेना म्हणून ते परत आले होते. त्यांनी दत्ताला फाटकाबाहेर नेऊन त्याचा हात मोडला आणि पुढचे दात पाडले. जीपमधला हवालदार काच खाली करेपर्यंत सगळं उरकलं होतं. तक्रार दोन्हीकडून झाली आहे. तारखा पडतात. महाराजाचे बॅनर अजून लागतात, पुढारी अजून पाया पडतात. दरबार तेवढा जरा पातळ झाला आहे.

दत्ता घरी आला तेव्हा नात झोपली होती. मोडक्या हाताने तो तिच्या उशाशी सकाळपर्यंत बसून होता. तिला काही झालं नाही. उजाडल्यावर एसटीने गेला आणि माझ्या गोळ्या घेऊन आला. तोंड सुजलेलं होतं, बोलता येत नव्हतं. सुनीतासमोर पिशवी धरून उभा राहिला. तिने ती घेतली आणि त्याच्यापुढे पेज ठेवली. माफ केलं का ते तिचं तिला माहीत.

झटका आला तर काय करायचं ते सांगून थांबते. माणसाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, नाकाला चप्पल कांदा लावू नका, धरून दाबू नका. थांबला नाही तर गाडी बघा. थांबला तरी डॉक्टरला दाखवा. आणि कुणी नाव विचारत चिमटा उचलला, तर आधी तो स्वतः कशाला भितो ते बघा.

माझा खिळा मी चुलीजवळच्या भिंतीत ठोकला आहे. गोळ्यांची पिशवी त्यालाच अडकवते.

परवा दुपारी एक अनोळखी बाई दारात आली. मागे तिची लेक, शाळेच्या वयाची, डोक्याला रुमाल बांधलेला. बाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, पक्कड हाय का?"

मी पोरीचा रुमाल वर केला. मधोमध रुपयाएवढी जागा मोकळी होती, तिथे केस परत उगवलेच नव्हते. एका वेणीला लाल रिबन होती, दुसरी वेणी नुसतीच.

"हाय," मी म्हणाले आणि सुनीताला जीपवाल्याकडे पाठवलं. "पक्कड संग घेऊ. पर आधी अंबाजोगाई."